सायकलवरची पांढरी डबकी

एक जुडी सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला मला एक तास बत्तीस मिनिटं लागली. त्यातली एकोणपन्नास मिनिटं मी कारमध्ये बसून होतो. हे आकडे अंदाजे नाहीत. एकतीस वर्षं मी एका दैनिकाचं जिल्हा पान लावतो आहे, आणि अंदाजे आकडा दिसला की माझ्या कपाळावरची शीर उडते.

पिपरी मेघेतल्या माझ्या घरापासून वर्ध्याचा भाजीबाजार तीन किलोमीटरवर. त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळाली ती बाजारापेक्षा माझ्या घराला जास्त जवळ होती. तिथून चालत गेलो, सांभार घेतला, चालत परत आलो, तर माझ्या कारच्या मागे कुणीतरी भली मोठी गाडी आडवी लावून गेलेलं. तिच्या काचेवर 'प्रेस' लिहिलं होतं. जिल्ह्यातला प्रत्येक पत्रकार मी ओळखतो. या गाडीचा मालक मात्र आला तेव्हा त्याच्या हातात पाणीपुरीचा द्रोण होता, आणि तो मलाच म्हणाला, "काका, जरा सबुरीनं घेत जा नं."

घरी येऊन मी कारची किल्ली खुंटीला लावली आणि जाहीर केलं की यापुढे किराणा, भाजी, बँक, दळण, सगळी कामं सायकलने होतील. माझी बायको छाया भाजी निवडत होती. तिने सांभाराच्या जुडीकडे पाहिलं. जुडी कोमेजली होती.

"आत्ताच काऊन?" ती म्हणाली. "ते हिंगणघाटचे लोक चौकशी करून जाईस्तोवर तरी थांबा."

हिंगणघाटचे लोक म्हणजे रजतच्या घरचे. रजत आणि आमची मुलगी सुरभी नागपुरात एकाच कंपनीत आहेत. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आम्ही होकार दिला होता. राहिला होता तो रजतच्या घरच्यांचा होकार, आणि तो सगळा त्याच्या आत्याच्या हातात होता. सुलोचनाबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. चाळीस वर्षं पोरांच्या हजेरीपटावर लाल रेघा मारल्यामुळे त्यांना माणसांवरही त्या मारता येतात असं ऐकून होतो.

"बाबा, त्या आधी घरी येतच नाहीत," सुरभीने फोनवर बजावलं. ती पुढच्या शनिवार-रविवारी येणार होती. "त्या आधी गल्लीत येतात. किराणा दुकानातून साखर घेतात आणि विचारतात, त्या अमक्यांचं घर कसं आहे म्हणून. मग ठरवतात घरी यायचं की परत जायचं. रजतच्या चुलतभावाचं लग्न त्यांनी पाव किलो साखरेवर मोडलं. प्लीज बाबा, एवढा महिना काही करू नका."

"मी करतोय काय? सायकल चालवतोय."

"तेच नका करू."

मला राग आला. माणूस सायकलवर बसला म्हणून त्याच्या मुलीचं लग्न मोडेल, अशी कल्पना करणाऱ्या समाजापुढे मी मान तुकवणार नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळी, मजबूत, मागे लोखंडी कॅरिअर असलेली सायकल घेऊन आलो.

पहिला माणूस भेटला तो शेजारचे अण्णाजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून अण्णाजी सकाळी सहा ते रात्री दहा फाटकाशी उभे असतात. नोकरीत असताना ते इतका वेळ कुठेही उभे राहिले नव्हते.

"काऊन भाऊ, गाडी विकली काय?"

"नाही. गाडी आहे. मी सायकल चालवतो."

"बिघडली असन."

"नाही. चांगली आहे."

"मंग डॉक्टरनं सांगतलं?"

"नाही. डॉक्टरकडे मी गेलोच नाही."

मी त्यांना तीन कारणं नाकारली होती, आणि चौथं दिलं नव्हतं. ही माझी चूक. बातमीत जागा रिकामी सोडली की कुणीतरी ती भरतं, हे मी एकतीस वर्षं नव्या वार्ताहर पोरांना शिकवलं आहे. त्यांनी हळूच आवाज खाली आणला. "भाऊ, घरातल्या माणसाले सांगतल्यासारखं सांगा. लायसन गेलं काय?"

इथे बाहेरच्या वाचकासाठी एक खुलासा. आमचा वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा आहे. त्यामुळे इथे दारू कुठेच नसते आणि तिचा विषय सगळीकडे असतो. दुसऱ्या जिल्ह्यात माणूस अडखळला तर लोक म्हणतात, ठेच लागली. आमच्याकडे आधी त्याच्या जवळ जाऊन वास घेतात, मग म्हणतात, ठेच लागली. आणि चांगली कार दारात असताना जो माणूस सायकलवर बसतो, त्याचं लायसन नागपूरहून येताना रात्री कुठेतरी जमा झालेलं असतं, यात अण्णाजींना यत्किंचितही शंका नव्हती.

मी सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस. मी त्यांना तिथेच लायसन काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "डुप्लिकेट काढून घेतलं ते बरं केलं."

आठ दिवसांत सायकलने मला आमच्या समाजाची जी ओळख करून दिली, ती एकतीस वर्षांच्या पत्रकारितेने दिली नव्हती. बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याने मला पायऱ्यांपासून हाकललं. इथे फक्त गाड्या. मी म्हणालो, ही गाडीच आहे. तो म्हणाला, "गाडी म्हंजे जिले किल्ली लागते." मी कुलपाची किल्ली दाखवली. त्याने ती किल्ली आहे हे मान्य केलं, पण सायकल गाडी आहे हे मान्य केलं नाही.

एका सरकारी कचेरीत तर फाटकावरच्या माणसाने वही पुढे केली. "वाहनाचा नंबर टाका."

"सायकलला नंबर नसतो."

"रकाना हाय नं साहेब. खाली सोडला तं वरून मले विचारते."

"मग शून्य लिहा."

"शून्य नंबरची गाडी कोनती असते?"

मागे रांग लागली. एक मोटारसायकलवाला ओरडला, "अबे, कुछ भी लिख ना, जाने दे काका को!" शेवटी त्या माणसाने माझ्या घराचा प्लॉट नंबर विचारून घेतला आणि तो वाहन क्रमांक म्हणून नोंदवला. सरकारी दफ्तरात माझं घर आज दुचाकी म्हणून दाखल आहे. त्याविरुद्ध मी अर्ज केला आहे. अर्जाची पोच मिळाली नाही.

हे सगळं मी सहन केलं. पण किराणा दुकानदार कुंदनने माझ्या पिशवीत न मागता बडीशेपेची पुडी टाकली आणि डोळा मिचकावून "असू द्या साहेब, वासासाठी बरी," असं म्हटलं, तेव्हा मी ती पुडी त्याच्या काउंटरवर आपटली. बडीशेप दुकानभर उधळली. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. संध्याकाळपर्यंत कॉलनीत असं झालं की मी सकाळी दहा वाजता प्यायलेला होतो.

"कार काढा," छाया म्हणाली. तिचा आवाज शांत होता, म्हणजे ती खरोखर चिडली होती. "पोरीच्या लग्नाचा प्रश्न हाय. तुमच्या तत्त्वाले कोनी साखर विचारत येनार नाई."

"आता काढली तर लोक म्हणतील लायसन परत मिळालं. म्हणजे गेलं होतं हे सिद्ध होईल."

यावर तिने जवसाच्या तेलाची रिकामी डबकी माझ्यापुढे ठेवली. डबकी म्हणजे आपला पाच लिटरचा पांढरा प्लास्टिकचा कॅन, लाल झाकणाचा. सुरभी शनिवारी घरी येणार होती, आणि तिला जवसाच्या कच्च्या तेलासोबत ज्वारीची भाकर आवडते. तेल सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या एका लाकडी घाणीवरून आणायचं. जाऊन-येऊन सतरा किलोमीटर. छायाला वाटलं, एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर तरी मी कार काढेन.

शनिवारी सकाळी पावणेआठला मी सायकलने निघालो.

एप्रिल संपत आला होता. आमच्याकडे तेव्हा नऊ वाजता ऊन डोक्यात जातं, म्हणून सगळ्यांसारखा मीही तोंडाला दुपट्टा गुंडाळला, फक्त डोळे उघडे. घाणीवाल्याने डबकी भरून दिली आणि प्रेमाने सल्ला दिला, "भाऊ, ताजं तेल हाय, ऊन नोको लागू देजा." त्याने डबकीवर ओलं पोतं टाकलं आणि जुन्या ट्यूबने ती कॅरिअरला करकचून बांधली. परतताना मुख्य रस्त्यावर ट्रक होते म्हणून मी शेतांमधली मागची वाट धरली.

आता शांतपणे पाहा. तोंड झाकलेला इसम. मागची वाट. कॅरिअरवर पांढरी डबकी, तिच्यावर ओलं पोतं. आमच्या जिल्ह्यात गावठी मोहाची दारू नेमकी अशीच जाते. गेली एकतीस वर्षं पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातला हा मजकूर मी आठवड्यातून दोनदा छापतो आहे. तरीही ते माझ्या लक्षात आलं नाही. कारण डबकीत तेल आहे हे मला माहीत होतं. ज्याला खरं माहीत असतं त्याच्यासारखा गाफील माणूस नाही.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी वाटेच्या तोंडाशी दोन पोलिसांनी मला थांबवलं. त्यातला अंकित नावाचा तरुण शिपाई पोत्याला बोट लावून म्हणाला, "काय काका, या वयात?"

"तेल आहे. जवसाचं."

"सगळेच तेल म्हनते." त्याने झाकण उघडून नाक लावलं. जवसाच्या ताज्या तेलाला वास असतो, तो मी नाकारत नाही. "उग्र हाय," तो दुसऱ्याला म्हणाला.

"चाखून पाहा ना."

"ड्युटीवर?" त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्याला लाच देऊ केली.

मी सांगितलं की मी अमुक दैनिकात आहे. तो म्हणाला, प्रेसवाले तर आता लय झाले. मला काचेवर 'प्रेस' लिहिलेली ती गाडी आठवली.

ठाण्यात मला बाकावर बसवलं. वरिष्ठ साहेब एका बैठकीला गेले होते. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक समोरचा चहावाला मिळाला. दुसरा मिळेना, तेव्हा अंकितने विचारलं, तुमच्या ओळखीचा कोणी प्रतिष्ठित इसम? मी विचार केला, शेजारी असलेला बरा, तो माझ्या चारित्र्याची ग्वाही देईल. आणि माझ्या हाताने, माझ्या फोनवरून, मी अण्णाजींना बोलावलं. या संपूर्ण प्रकरणात मला कुणाचा सर्वांत जास्त राग येत असेल तर तो त्या अकरा आकडी मूर्खपणाचा. फोन नंबर दहा आकडी असतो. अकरावा आकडा मी स्वतः.

अण्णाजी तासाने आले. तास का लागला, तर निघण्यापूर्वी ते कॉलनीतल्या प्रत्येक फाटकाशी थांबले होते. आल्याबरोबर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नोका भाऊ. मी हाय. किती लिटर होती?"

"अण्णाजी, तेल आहे ते!"

"हो हो. तेलच सांगू आपन."

पंचनामा अंकितने लिहिला आणि मला वाचून दाखवला. त्यात माझं वय चार वर्षांनी जास्त होतं, सायकलचा रंग हिरवा होता, आणि डबकीत 'उग्र वासाचा पाच लिटर द्रव' होता. मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला. मी काय केलं? मी पेन मागितलं. वय दुरुस्त केलं. रंग दुरुस्त केला. पाच लिटर खोडून चार लिटर आठशे लिहिलं, कारण घाणीवाला गळ्यापर्यंत भरत नाही. अंकितने तो कागद पाहिला, खोडाखोड असलेला पंचनामा चालत नाही म्हणून फाडला आणि पहिल्यापासून लिहायला घेतला. दुसऱ्या वेळी सायकल काळी झाली, पण मी पिवळा झालो. म्हणजे माझ्या शर्टाचा रंग चुकला. मी पुन्हा पेन मागितलं.

"भाऊ," चहावाला हात जोडून म्हणाला, "माहं दूध उतू जाऊन राह्यलं. तुमी कबूल तं करून टाका."

साडेबारा वाजले. छायाचा फोन आला. अंकितने उदारपणे घेऊ दिला.

"त्या आल्या," ती कुजबुजली.

"कोण?"

"सुलोचनाबाई! अकरा वाजता कुंदनच्या दुकानात आल्या. साखर घेतली. त्यानं सांगतलं, साहेब आत्ताच दारूच्या केसमधी ठाण्यात गेले. त्या परत चालल्या होत्या. सुरभी धावत गेली, हात धरून घरी घेऊन आली. बसल्या आहेत. म्हनते, दोनपर्यंत वाट पाहीन, अडीचची बस हाय. मले एक सांगा, तुमी दोनपर्यंत येता का नाई?"

मागे सुरभीचा आवाज आला. ती रडत नव्हती. तिने फोन घेतला आणि म्हणाली, "बाबा, मी त्यांना सांगितलंय की माझे बाबा चूक छापत नाहीत, तर करतील कशाला. तुम्ही फक्त या."

मी फोन ठेवला. मग मी जो ओरडलो, तसा मी कधी ओरडलो नव्हतो. अख्ख्या ठाण्याला, अख्ख्या जिल्ह्याला मी विचारलं की इथे माणसाने तेल आणायचं की नाही? सायकलने जायचं की नाही? चारचाकीत दारूची पेटी टाकून जाणाऱ्याला तुम्ही सलाम ठोकता आणि सायकलवाल्याचं पोतं उचलून पाहता! अण्णाजींनी मला मागून धरलं आणि अंकितला हळूच म्हणाले, "चढली हाय अजून."

त्या आवाजाने आतून एक जमादार आले. पांढऱ्या मिशा, कपाळाला शेंदूर. शनिवार असल्यामुळे ते ठाण्यातल्या मारुतीच्या तसबिरीपुढे दिवा लावायला बसले होते आणि तेल संपलं होतं. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, डबकी उघडली, दोन बोटं बुडवली, आणि काही न बोलता दिव्यात पळीभर ओतलं. वात पेटवली.

"दारू असन तं भपकन पेटन अन् सरन," ते म्हणाले. "तेल असन तं जळत राहीन. बसा."

आम्ही सहा जण त्या दिव्याकडे पाहत बसलो. दोन पंच, दोन शिपाई, जमादार आणि आरोपी. दिवा संथ जळत होता. एक वाजला. सव्वा वाजला. माझ्या मुलीचं लग्न त्या वातीच्या टोकाला होतं आणि मला घड्याळाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. एक वाजून बावीस मिनिटांनी जमादारांनी मारुतीला नमस्कार केला आणि अंकितला म्हणाले, "दे रे यायची डबकी. देवानं वापरलं, आता आपन काय तपासाचं?"

पंचनाम्याचा तिसरा मसुदा फाडला गेला. त्यात दोन चुका होत्या. मी पेन मागितलं नाही.

एक वाजून बावन्न मिनिटांनी मी घरी पोचलो. कॉलनीतले यच्चयावत लोक फाटकांशी उभे होते. बैठकीत सुलोचनाबाई ताठ बसल्या होत्या, मांडीवर पाव किलो साखरेची पुडी. सुरभी त्यांच्यासमोर उभी. मी घामाने निथळत, दुपट्टा गळ्यात, डबकी हातात घेऊन आत गेलो आणि ती टीपॉयवर ठेवली.

सुलोचनाबाईंनी डबकीकडे पाहिलं. झाकणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"परत दिली?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आजच्या आज?"

"हो. कारण त्यात..."

"पंचनामा?"

"फाडला. पण मी सांगतो ना, त्यात जवसाचं..."

"मी चाळीस वर्षं या जिल्ह्यात आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता आदर होता. "ठाण्यात गेलेली डबकी परत आलेली मी पाहिली नाही. तीही भरलेली!"

मी झाकण उघडलं. तेल दाखवलं. वास दिला. त्यांनी मान हलवली, जशी मुख्याध्यापिका चांगल्या उत्तरावर हलवते. मी सांगितलं, माझी कुणाशी ओळख नाही, अण्णाजींशिवाय कुणालाही फोन केला नाही, पावणेचार तास बाकावर बसलो, एका दिव्यामुळे सुटलो. मी एकेक गोष्ट वेळेसकट सांगितली. हे सगळं शब्दशः खरं होतं.

"मोठी माणसं असंच बोलतात," त्या छायाला म्हणाल्या. "वर सायकलवर फिरतात. कुणाच्या डोळ्यात यायला नको म्हणून."

दारात अण्णाजी येऊन उभे होते. "हो नं," ते म्हणाले. "आमाले बी आज समजलं."

सुलोचनाबाईंनी पुडी सोडली, साखर वाटीत काढायला सांगितली आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. "आता घरचेच झालात म्हणून सांगते. रजतच्या वडिलांचा रेतीचा ट्रॅक्टर तहसीलवाल्यांनी धरला आहे. तीन आठवडे झाले, आवारात उभा आहे. रॉयल्टीचा कागद नव्हता म्हणतात. आम्ही सगळीकडे फिरून हात टेकले. साक्षगंधात अंगठ्या घालायच्या आत तेवढा सुटला, तर वडिलांना मांडवात मान वर करता येईल."

तो ट्रॅक्टर मला माहीत होता. रेतीचोरीवर आमच्या पानाने पाच दिवस मालिका चालवली होती, आणि तिसऱ्या दिवशीच्या छायाचित्रात तो होता. छायाचित्राखालची ओळ मीच लिहिली होती; मालक कोण, ते मात्र आत्ता कळलं.

मला इतका राग आला की कानात वाफ भरली. मी उभा राहिलो. बोलायला तोंड उघडलं. समोर सुरभी होती. तिच्या हातात साखरेची वाटी होती. तिला सगळं कळलं होतं, कारण ती मालिका तिनेही वाचली होती. तिने नाही म्हणा असंही खुणावलं नाही, हो म्हणा असंही नाही.

ज्या शब्दाने आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्या चालतात, जो शब्द मी एकतीस वर्षं अवतरणचिन्हांत छापून त्याची टर उडवली, तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला.

मी म्हणालो, "पाहतो."

सुलोचनाबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली.